शब्दचर्चा : कण, अणू, रेणू आणि आमच्या घरातला 'परमाणू'

प्रश्न (प्रतापनगर, नागपूर)

नमस्कार मंडळी. माझा भाचा आठवीत आहे, मराठी माध्यमात. बहीण नोकरी करते म्हणून संध्याकाळचे दोन तास तो माझ्याकडे असतो. परवा चाचणीचा पेपर घेऊन आला. पाण्याच्या रेणूची रचना विचारली होती. त्यानं लिहिलं होतं, 'पाण्याचा अणू तीन परमाणूंचा बनलेला असतो. त्यात हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक परमाणू असतो.' त्यावर लाल शाईची फुली, शून्य गुण, आणि शेजारी शेरा : 'पाठ करून येणे.'

पोरगं रडवेलं झालं होतं. 'मावशी, मला येत होतं गं.' आणि खरंच येत होतं. काढून दाखव म्हटलं तर मधे एक मोठं वर्तुळ काढून त्याला दोन लहान वर्तुळं जोडली, तीही एका रेषेत नाही, बरोबर कोनात. चुकला तो शब्दात. विज्ञानाचे व्हिडिओ तो हिंदीत बघतो, आपल्या नागपुरात कोणाचं मूल बघत नाही? हिंदीत 'परमाणु' म्हणजे आपला अणू, आणि 'अणु' म्हणजे आपला रेणू. 'रेणू' हा शब्द त्या व्हिडिओत कुठे येतच नाही. 'अणु' येतो, पण एक पायरी वर चढून. ऑक्सिजनच्या 'अणू'त दोन 'परमाणू' असं तिकडे ऐकायचं आणि ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असं वर्गात लिहायचं. मुलानं कोणता अणू खरा मानायचा?

माझे दोन प्रश्न आहेत. एक, हा फरक आला कुठून? दुसरा मला जास्त अवघड वाटतो. धड्यात सुरुवातीलाच 'द्रव्य कणांचं बनलेलं असतं' असं वाक्य आहे. भाचा विचारतो, 'साखरेचा कण म्हणजे साखरेचा दाणाच ना?' मी नाही म्हटलं खरं, पण मग कण म्हणजे काय, हे मला एका वाक्यात सांगता आलं नाही.

उत्तर (महाल, निवृत्त शिक्षक)

ताई, मी ३६ वर्षं विज्ञान शिकवलं. ही चूक दरवर्षी चारदोन वह्यांत सापडायचीच. मी फुली मारत नसे. 'परमाणू'च्या खाली 'अणू' आणि 'अणू'च्या खाली 'रेणू' लिहायचो आणि अर्धे गुण द्यायचो. तुमच्या भाच्याला पायऱ्या कळल्या आहेत, फक्त पायऱ्यांची नावं दुसऱ्या घरची आहेत. 'पाण्याचा अणू' एवढंच लिहून थांबणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी. त्याला पायऱ्याच दिसलेल्या नसतात, तिथे खरं शिकवणं बाकी असतं. दोघांना एकच शून्य देणं मला कधी पटलं नाही.

आता फरक कुठून आला ते. दोन्ही भाषांनी शब्द एकाच कणगीतून काढले. कणादांच्या वैशेषिक दर्शनात ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत तो 'परमाणु'. दोन परमाणूंचं 'द्व्यणुक', तीन द्व्यणुकांचं 'त्र्यणुक', आणि डोळ्याला दिसणारं पहिलं ते हेच. त्यालाच 'त्रसरेणू' असंही नाव आहे. खिडकीतून ऊन आत आलं की त्यात जी बारीक धूळ तरंगताना दिसते, तो त्रसरेणू. हिंदीनं यातला 'परमाणु' जसाच्या तसा ठेवला आणि त्यांच्या जोडणीला 'अणु' म्हटलं. मराठीनं 'परम' सोडून दिला, अणूलाच तळाशी बसवलं, आणि जोडणीसाठी 'रेणू' घेतला. रेणू म्हणजे मुळात धूळ, चरणरेणू म्हणतो तीच. मराठीनं रेणू उचलताना मागे त्रसरेणू असावा हा माझा तर्क आहे, तर्क म्हणूनच घ्यावा.

तेव्हा शुद्ध कोण आणि अशुद्ध कोण, हा वादच नाही. मला विचाराल तर शिकवायला मराठीची जोडी सोपी. 'अणू' आणि 'रेणू' कानाला वेगळे ऐकू येतात. 'अणु' आणि 'परमाणु'त एक शब्द दुसऱ्याच्या पोटात बसलेला आहे, मागच्या बाकावरच्या मुलाला अर्धाच ऐकू गेला तर अर्थ बदलतो.

आपल्या शहराचीही यात एक गोष्ट आहे. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी आणि मराठी एकाच कचेरीत नांदायच्या. आचार्य रघुवीर त्या काळात इथेच राहून इंग्रजी शास्त्रीय शब्दांना संस्कृत धातूंवरून भारतीय प्रतिशब्द घडवत होते. नोव्हेंबर १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात गेलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. राज्य बदललं, पण गल्लीतली हिंदी कुठे गेली नाही. म्हणून पुण्याच्या मुलाला जो गोंधळ क्वचित होतो, तो आपल्या मुलाला रोज होतो.

एक खूण भाच्याला सांगा. मुंबईच्या त्या प्रसिद्ध संस्थेचं नाव मराठीत 'भाभा अणुसंशोधन केंद्र' आणि हिंदीत 'भाभा परमाणु अनुसंधान केंद्र'. एकाच फाटकावरची दोन नावं. हे लक्षात राहिलं की बाकीचं आपोआप राहतं. मराठीत अणुअंक, तिकडे परमाणु क्रमांक. मराठीत रेणुवस्तुमान, तिकडे अणु द्रव्यमान. सगळ्यांत फसवं आहे ते विशेषण. आपलं 'आण्विक' म्हणजे अणूचं आणि हिंदीतलं 'आणविक' म्हणजे रेणूचं. लिहिताना एका अक्षराचा फरक, अर्थात मात्र एका पायरीचा.

शुद्धलेखनाचंही सांगून टाकतो. सुटा शब्द 'अणू', 'रेणू' दीर्घ. समासात आधी आला की ऱ्हस्व : अणुअंक, रेणुसूत्र. आणि दोन्ही पुल्लिंगी, तो अणू, तो रेणू.

उत्तर (कळमना, धान्याचा व्यापार)

मी काही विज्ञानाचा माणूस नाही, पण दोन दिवसांपासून हे वाचून राहिलो म्हणून लिहितो. 'कण' शब्द आमच्या रोजच्या हातातला आहे. तांदूळ गिरणीतून निघाला की अख्खा वेगळा आणि कणी वेगळी, दोन्हीचा भाव वेगळा. आमची माय जोंधळ्याच्या कण्या ताकात शिजवायची, उन्हाळ्यात सकाळी तेच जेवण. कणीक तीच, कणीस तेच. हिरकणी म्हणजे हिऱ्याची कणी. आणि ज्यांचं नाव वर आलं ते कणाद म्हणजे कण खाणारे, शेतात पडलेले दाणे वेचून खाणारे, असं आम्हाला लहानपणी सांगितलं होतं. 'अणु' हेसुद्धा संस्कृतात एका बारीक धान्याचं नाव आहे असं एका कीर्तनकारबुवांनी सांगितलं होतं, ते खरं का?

सांगायचा मुद्दा असा की आपल्या भाषेत कण म्हणजे मोठ्यातून तुटलेला बारीक तुकडा. तो दिसतो, चिमटीत येतो. ताई, तुमच्या भाच्याला कण म्हटल्यावर दाणा दिसला तर पोराचं काही चुकलं नाही, त्याला मराठी चांगली येते.

उत्तर (धरमपेठ, रसायनशास्त्र शिकवते)

काका, बुवांनी बरोबर सांगितलं. संस्कृतात 'अणु' म्हणजे बारीक, आणि एक बारीक भरडधान्यही. पहिल्या अर्थावरूनच पुढचं सगळं आलं.

पण तुम्ही जे म्हणालात ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कणी तांदळाचीच असते. अख्ख्या तांदळाचे सगळे गुण तिच्यात असतात, फक्त ती लहान असते. मुलं हीच समजूत घेऊन धड्यात शिरतात. बर्फाचा कण म्हणजे इवलासा बर्फ : थंड, कडक, आणि ऊन लागलं की वितळणारा. तांब्याचा कण तांबूस. लोखंड तापलं की त्याचा प्रत्येक कण फुगतो. मी अकरावीच्या मुलांकडूनही हे ऐकलं आहे. इथे शब्दच त्यांना फसवतो.

खरं असं आहे की कण वितळत नाही. बर्फात, पाण्यात आणि वाफेत रेणू तोच असतो, त्याच मापाचा. बदलते ती त्यांची मांडणी, त्यांच्यातलं अंतर आणि हालचाल. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना लोहार ती तापवतो, कडं मोठं होतं, चाकावर बसतं, आणि पाणी ओतलं की आवळतं. या सगळ्यात लोखंडाचा एकही अणू फुगलेला नसतो. ते जागच्या जागी जास्त जोरानं थरथरतात, त्यामुळे सरासरी अंतर किंचित वाढतं. थंड, कडक, तांबूस, प्रवाही हे गुण घोळक्याचे आहेत, एकट्या कणाचे नाहीत. गर्दी दाटते, पांगते, पण एकटा माणूस दाटत नाही, तसं.

आता ताईंचा प्रश्न. कण हा शब्द धड्यात मुद्दाम मोघम ठेवला आहे. लोखंडात तो कण म्हणजे अणू. पाण्यात, साखरेत रेणू. आणि मिठात? 'मिठाचा रेणू' असं आपण सर्रास लिहितो, पण मिठाच्या खड्यात सोडिअम आणि क्लोरीनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, एकाआड एक रचलेले असतात, त्यात कोणाचीही स्वतंत्र जोडी नसते. हेलियममध्ये अणू एकटेच फिरतात. या सगळ्यांना एका वाक्यात बसवायचं तर 'द्रव्य अणूंचं' किंवा 'द्रव्य रेणूंचं' म्हणून भागत नाही. म्हणून 'कण'. मी वर्गात पहिल्या दिवशी सांगते की या धड्यात कण हा एक रिकामा खण आहे, पदार्थ कोणता ते कळलं की त्यात अणू, रेणू किंवा आयन भरायचा. आणि साखरेच्या बाबतीत त्या धड्यापुरतं 'दाणा' म्हणायचं, 'कण' नाही. साखरेचा एक दाणा अंदाजे १ मिलिग्रॅम धरा. त्यात रेणू निघतात १ वर १८ शून्यं, त्याच्या पावणेदोनपट. हा आकडा फळ्यावर शून्यांसकट लिहिला की दाणा आणि कण पुन्हा कोणी एक करत नाही.

'स्थायू' शब्दाबद्दलही मला बोलायचं आहे. स्थायू म्हणजे स्थिर, उभं राहिलेलं. मुलं लिहितात, 'स्थायूतील कण स्थिर असतात.' ते स्थिर नसतात, जागा सोडत नाहीत एवढंच. आणि द्रवाचं चित्र काढताना कणांमध्ये बोट जाईल एवढं अंतर ठेवतात, जणू द्रव स्थायू आणि वायूच्या बरोबर मध्ये आहे. द्रवात कण जवळजवळ खेटूनच असतात. पाणी तर उलटंच वागतं, त्याचा बर्फ झाला की जागा साधारण ९ टक्के जास्त लागते. अंतर खरं वाढतं ते वाफ होताना. १ मिलिलिटर पाण्याची १०० अंशांना सुमारे १.७ लिटर वाफ होते, म्हणजे रेणूंमधलं अंतर प्रत्येक दिशेला साधारण १२ पट. आणि चहाच्या कपावर पांढरी दिसते तिला आपण वाफ म्हणतो, पण ते पाण्याचे बारीक थेंब असतात. वायुरूपातली वाफ दिसत नाही.

उत्तर (पुणे, मूळ वर्धा)

थोडं आडवळणाचं. 'अणुरेणिया थोकडा, तुका आकाशाएवढा' आपण सगळे म्हणतो, आणि मनात अणू-रेणू ही शाळेची जोडी येते. छापील गाथेत पाठ 'अणुरणीयां' असा सापडतो. त्यामागे उपनिषदातलं 'अणोरणीयान् महतो महीयान्' आहे, म्हणजे अणूहूनही अधिक अणू, मोठ्याहूनही मोठा. यात रेणू मुळात नसावाच. 'अणीयान्' हे 'अणू'चंच तरतम रूप, अधिक बारीक. गाणाऱ्यांच्या तोंडी त्याचं 'रेणिया' झालं आणि गोडही वाटलं. वर्गात या ओळीवरून 'तुकोबांना रेणू माहीत होता' असं सांगतात, ते टाळावं. तुकोबांना जे सांगायचं होतं ते त्याहून पुष्कळ मोठं आहे, त्याला पाठ्यपुस्तकाचा आधार लागत नाही.

पुन्हा प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी भाच्याला आईच्या घरी घेऊन गेले. मागच्या खोलीवर अजून कवेलूंचं छप्पर आहे. सकाळी दहाच्या सुमारास दोन कवेलूंच्या फटीतून कवडसा पडतो, थेट धान्याच्या कोठीवर. दार लोटून घेतलं, अंधारात तो उजेडाचा दांडा उभा राहिला आणि त्यात धूळ वर-खाली होऊ लागली. मी म्हटलं, 'बघ, हा त्रसरेणू.' तो बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, 'मावशी, हे हवेचे रेणू आहेत?'

मला वाटलं, हाच तो गोंधळ, आपल्या डोळ्यांसमोर जन्माला येताना. मी म्हटलं, नाही रे, ही धूळ आहे, यातल्या एकेका ठिपक्यात लाखो कोटी अणू असतील. मग तो म्हणाला, 'पण नाचते आहे ना? पुस्तकात लिहिलंय, कण नाचतात.' याचं उत्तर काय द्यायचं?

उत्तर (महाल)

ताई, कवडशातली धूळ मुख्यतः हवेच्या झुळकीनं हलते. दार लोटलं तरी जमिनीवरची हवा तापून वर चढतेच. रेणूंच्या धक्क्यांनी हलताना बघायचं तर त्याहून बारीक काहीतरी आणि सूक्ष्मदर्शक लागतो. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउननं पाण्यात ते पाहिलं. आपल्याकडे 'परागकण नाचले' असं लिहितात, तिथेही 'कण' शब्दानं घोटाळा केला आहे. नाचत होते ते परागकणाच्या आतून निघालेले अतिसूक्ष्म दाणे. अख्खा परागकण त्या मानानं धोंडा. ते का नाचतात याचं गणित आइनस्टाइननं १९०५ मध्ये मांडलं, ज्याँ पेरँनं मोजून दाखवलं, त्याला १९२६ चं नोबेल मिळालं. अणू-रेणू खरोखर आहेत, हे बऱ्याच शंकेखोरांना तेव्हा पटलं. भाच्यानं प्रश्न मात्र नेमका विचारला, त्याला माझ्याकडून सांगा.

उत्तर (धरमपेठ)

वेगळा शब्द काढते, राग नसावा. 'विसरण'. वासाचे रेणू हवेत पसरतात त्याला पुस्तकात विसरण म्हणतात, आणि दरवर्षी कोणीतरी मूल हात वर करून विचारतं, 'मॅडम, काय विसरलं?' संस्कृतात वि अधिक सृ, म्हणजे पसरणं. मराठीतलं 'विसरणे' आलं विस्मरणातून, म्हणजे स्मृ धातूतून. दोन निराळे धातू झिजत झिजत एका रूपाला आले. भरीला 'प्रसरण' आहेच, त्याचा अर्थ तापल्यावर आकार वाढणं. मी वर्गात संत्रं सोलते. पहिल्या बाकावर वास आधी पोचतो, शेवटच्या बाकावर नंतर. खोलीतल्या तापमानाला हवेचे रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगानं धावतात, मग वासाला एवढा वेळ का लागावा? कारण प्रत्येक रेणू पावलोपावली दुसऱ्यावर आपटून वाट बदलतो. खोलीत वारा असेल तर तोच वासाला आधी नेतो, तेही सांगावं लागतं. हे झाल्यावर मी फळ्यावर लिहिते : 'विसरण म्हणजे आपोआप पसरणं.' परीक्षेत शब्द पुस्तकातला, मनात आपला.

'विरघळणे' आणि 'वितळणे' हेही घरी एकदा नीट करून घ्या. आपल्याकडे 'बर्फ विरघळला' म्हणतात, 'पिघळला'ही म्हणतात. बर्फ वितळतो, त्याला दुसरा पदार्थ लागत नाही, उष्णता लागते. साखर पाण्यात विरघळते, तिच्या रेणूंमध्ये पाण्याचे रेणू शिरतात. तीच साखर कढईत पाक न करता कोरडी तापवली तर वितळते. कढई आणि पेला शेजारी ठेवून दाखवा.

पुन्हा प्रश्नकर्ती

दाखवलं. त्यानं आता वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखले आहेत, एक मराठी, एक हिंदी. अणू समोर परमाणु, रेणू समोर अणु, वस्तुमान समोर द्रव्यमान, स्थायू समोर ठोस. 'कण' समोर त्यानं पुन्हा 'कण'च लिहिलं आणि दोन्हींभोवती एकच चौकट काढली. सरांनी सांगितलेली अर्ध्या गुणाची गोष्ट मी शाळेत जाऊन शांतपणे बोलले. गुण वाढले नाहीत, पण बाईंनी वर्गात दोन्ही भाषांचे शब्द फळ्यावर लिहिले असं तो सांगत होता.

काल जेवताना त्याचा नवा प्रश्न आला : 'हवेच्या दोन रेणूंच्या मध्ये काय असतं?' मी सवयीनं म्हटलं, 'हवा.' म्हणाला, 'मावशी, हवा तर रेणूच आहेत. मधे काय?' मग 'निर्वात' म्हणावं, तर हवेच्याच आत निर्वात कसं म्हणायचं? 'पोकळी' म्हणावं तर मडक्याची पोकळी आठवते, म्हणजे भोवती भिंत आली.

उत्तर (महाल)

'काही नाही' असं म्हणा, ताई. दोन शब्द, दोन्ही मराठी, आणि खरे. त्यावर तो 'काही नाही म्हणजे काय' असं विचारेल. तेव्हा त्याला घेऊन माझ्याकडे या, महालात कोणीही घर दाखवेल.